सहीचा हिशेब : ब्रिडलिंग्टनच्या एका पोस्टाच्या दुकानाचे प्रकरण

ली कॅसलटन यांनी 2003 साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ब्रिडलिंग्टन गावात पोस्टाचा काउंटर असलेले एक दुकान विकत घेतले. पोस्टाच्या दप्तरी या शाखेचे नाव मरीन ड्राइव्ह. पहिले काही महिने सुरळीत गेले. 2004 च्या जानेवारीत एका आठवड्याच्या हिशेबात हजार पौंडांहून थोडी जास्त तूट दिसली आणि ती त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली. पुढच्या आठवड्यांत तूट वाढतच गेली. 23 मार्च 2004 रोजी पोस्टाच्या तपासणी पथकाने गल्ला मोजला आणि त्याच दिवशी त्यांना निलंबित केले. तोवर आकडा सुमारे 25,000 पौंडांवर पोचला होता. पोस्टाने दावा लावला. वकिलाचा खर्च झेपेना, म्हणून कॅसलटन उच्च न्यायालयात स्वतःच उभे राहिले. जानेवारी 2007 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. तुटीची रक्कम तर द्यायचीच, वर पोस्टाचा दाव्याचा खर्च म्हणून सुमारे 3,21,000 पौंडही द्यायचे. त्यांचे दिवाळे निघाले.

ब्रिटनमधल्या पोस्टाच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा घोटाळा आता जगभर माहीत झाला आहे : प्रणालीच्या दोषांमुळे दिसलेल्या खोट्या तुटींबद्दल पोस्टाच्या शेकडो शाखाचालकांना दोषी धरले गेले. त्यावर बोलताना बहुतेक जण न्यायव्यवस्थेबद्दल आणि अन्यायाबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र या एका शाखेकडे हिशेबाच्या बाजूने पाहणार आहे. कॅसलटन हे एका छोट्या धंद्याचे मालक होते. त्यांच्या काउंटरवर त्या काळातली अत्यंत महागडी, देशभर पसरलेली हिशेब प्रणाली बसवलेली होती. दर आठवड्याला ती त्यांना एक आकडा देई. त्या आकड्यावरून त्यांना ठरवायचे असे की पैसे भरायचे का, नोकरावर संशय घ्यायचा का, काउंटर बंद ठेवायचा का. म्हणजे व्यवस्थापनाला माहिती पुरवण्याचे काम प्रणाली रोज करत होती. तरीही मालकाला कोणताच निर्णय नीट घेता आला नाही. तो का घेता आला नाही, हे समजले तर छोट्या धंद्याला हिशेब प्रणालीकडून नेमके काय हवे असते तेही समजते.

धंद्याची घडण

ब्रिटनमधली बहुतांश पोस्ट कार्यालये सरकारी नोकर चालवत नाहीत. ती सब-पोस्टमास्तर चालवतात. हे स्वतंत्र व्यावसायिक असतात. एका बाजूला वर्तमानपत्रे, मिठाई, किराणा, शुभेच्छापत्रे. दुसऱ्या बाजूला पोस्टाचा काउंटर. किराण्याचा गल्ला त्यांचा स्वतःचा, पण काउंटरवरची रोकड आणि तिकिटे पोस्टाच्या मालकीची. काउंटरवर पेन्शन वाटायची, बिले घ्यायची, बँकेचे व्यवहार करायचे आणि कमिशन मिळवायचे.

करारात एक कलम होते : सब-पोस्टमास्तरच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे झालेले नुकसान त्याने भरायचे, आणि मदतनिसांमुळे झालेले सर्व प्रकारचे नुकसानही त्यानेच भरायचे. कागदावर हे रास्त वाटते. दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्याने हिशेब द्यावा, हा जुनाच नियम आहे.

होरायझनपूर्वी हा हिशेब कागदावर होत असे. आठवड्याच्या शेवटी सब-पोस्टमास्तर पावत्या, चिठ्ठ्या, पेन्शनच्या पावत्यांचे तुकडे पुढ्यात घेऊन बसे, बेरजा करी आणि रोख हिशेबाचे पत्रक भरी. जुळले नाही तर त्याच गठ्ठ्यात पुन्हा शोधायचे. कुठे 56 चे 65 झाले, कुठे एक चिठ्ठी दुसरीला चिकटली. काम कंटाळवाणे होते, पण बेरजेखालचा प्रत्येक आकडा माणसाच्या हाताखाली होता.

1999 आणि 2000 मध्ये हजारो शाखांत होरायझन बसली. ती आयसीएल या कंपनीने बांधली होती, आणि आयसीएलची मालकी जपानच्या फुजित्सूकडे होती. आता बेरीज यंत्र करू लागले. काउंटरवर नोंद झाली की ‘आत्ता गल्ल्यात इतके असायला हवेत’ हा आकडा आपोआप तयार. पण काउंटरवरच्या माणसाला पाहता येणारा तपशील मर्यादित होता, आणि तोही काही आठवड्यांपुरताच. छोट्या प्रिंटरवर निघणारे लांबलचक अहवाल हेच त्याचे साधन. संपूर्ण नोंदींचा मूळ साठा फुजित्सूकडे राहिला. तो हवा असेल तर पोस्टाने फुजित्सूकडे मागणी करायची. सब-पोस्टमास्तरला तो थेट मागता येत नव्हता.

तूट म्हणजे नेमके काय

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळे प्रकरण या एका शब्दावर उभे आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ. आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक 18,000. आठवड्यात जमा 41,000. वाटप 37,000. म्हणजे गल्ल्यात 22,000 असायला हवेत. मोजले तर 20,500 निघाले. तूट 1,500.

हे 1,500 चार वेगवेगळ्या कारणांनी उद्भवू शकतात. रोकड खरोखर गेली असेल : चोरी, किंवा गिऱ्हाइकाला जास्त दिले. एखादी नोंद चुकीच्या रकमेने झाली असेल. एकच जमा दोनदा नोंदली गेली असेल. किंवा सुरुवातीची 18,000 ही शिल्लकच चुकीची पुढे ओढली गेली असेल. यातल्या फक्त पहिल्या कारणात पैसे गेलेले असतात. उरलेल्यांत पैसे जागच्या जागी असू शकतात आणि फक्त ‘असायला हवेत’ हा आकडा फुगलेला असतो.

गल्ला कितीही वेळा मोजला तरी या चार कारणांतला फरक कळत नाही. मोजणीचे उत्तर दरवेळी 20,500 च येणार. फरक कळतो तो बेरजेतून मागे जाऊन एकेक नोंद बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहिल्यावर : ही नोंद कोणी केली, किती वाजता केली, तिची चिठ्ठी कुठे आहे, समोरच्या बँकेच्या दप्तरात तीच रक्कम आहे का. हिशेबाच्या शाळेत आपण रोजमेळ (रोजच्या नोंदींची वही) आधी आणि खतावणी (खातेवार शिलकांची वही) नंतर शिकतो ते याचसाठी. खतावणीतल्या शिल्लकेला पाय असतो तो रोजमेळातल्या नोंदीचा, आणि नोंदीला पाय असतो तो पावतीचा.

कॅसलटन यांच्याकडे बेरीज होती, पाय नव्हता. त्यांनी मदत केंद्राला फोन केले. पुढे जाहीर झालेल्या माहितीनुसार हे फोन 91 होते. त्यांचे म्हणणे सुरुवातीपासून एकच होते : पैसे गेलेले नाहीत, तूट संगणकात आहे, कोणीतरी येऊन तपासा. पलीकडे बसलेल्या माणसाकडेही तपासायला फारसे काही नव्हते. पुन्हा मोजा, पुढच्या आठवड्यात बहुधा जुळेल, या पलीकडे उत्तर जात नसे.

जे प्रणाली सांगू शकत नव्हती, ते शोधायला त्यांनी 91 वेळा माणसांचे दार ठोठावले. त्यांची जिद्द त्या काळात कोणाच्याच नोंदीत आली नाही, याची मला अजूनही चीड येते.

एकच थैली चार वेळा

होरायझनमधले दोष पुढे न्यायालयात तपशिलाने बाहेर आले. त्यातले दोन इथे सांगायला हवेत. ते ब्रिडलिंग्टनचे नाहीत, पण ‘पैसे न जाता तूट कशी येते’ हे त्यांतून लख्ख दिसते.

पहिला दोष ओळखला जातो स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनच्या नावाने. 2015 मध्ये तिथल्या शाखेने दुसऱ्या ठिकाणच्या काउंटरसाठी 8,000 पौंडांची रोकड थैली जमा करून घेतली. पडद्यावरचा फॉर्म बंद होईना, म्हणून बटण पुन्हा दाबले गेले. दर दाबण्याला तीच थैली पुन्हा जमा झाली, एकूण चार वेळा. गल्ल्यात आले 8,000. हिशेबात आले 32,000. बसल्या जागी 24,000 पौंडांची तूट तयार झाली. थैली एक, तिचा क्रमांक एक, आणि प्रणालीने तो चार वेळा स्वीकारला. आपल्याकडे टॅलीसारख्या साध्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही एकच व्हाउचर क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ नये अशी सोय चालू करता येते. ही अगदी प्राथमिक खबरदारी आहे.

दुसरा दोष फॉल्कर्क गावातल्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जातो. त्यात एका काउंटरवर झालेली नोंद दुसऱ्या काउंटरला वेळेवर दिसत नसे. त्यामुळे एकाच शाखेतल्या जमा आणि नावे बाजू एकमेकींशी जुळेनात. हा दोष 2000 च्या सुमारापासून होता आणि तो 2006 मध्ये दुरुस्त झाला. कॅसलटन यांच्या शाखेतल्या तुटी या दोन तारखांच्या मधल्या आहेत. त्यांच्या शाखेत नेमका हाच दोष आला असे मी म्हणत नाही. मात्र ज्या काळात त्यांना ‘प्रणाली ठीक आहे’ असे सांगितले जात होते, त्या काळात ती सगळीकडे ठीक नव्हती, एवढे नक्की.

याहून गंभीर बाब वेगळीच होती. फुजित्सूचे कर्मचारी दूरवरून शाखेच्या हिशेबात नोंद घालू शकत होते, आणि तेही शाखेला न कळता. पोस्ट अनेक वर्षे हे नाकारत राहिले. 2019 मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांच्यासमोर ते सिद्ध झाले. छोट्या मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ लक्षात घ्या. आपल्या वहीत आपल्याखेरीज आणखी कोणी लिहू शकतो हेच ज्याला माहीत नाही, तो चूक शोधायला निघाला की आधी मदतनिसाकडे पाहील, मग घरच्यांकडे, शेवटी स्वतःच्या डोक्याकडे. अनेक सब-पोस्टमास्तरांच्या संसारात नेमके हेच घडले.

सही

दर आठवड्याला रोख हिशेबाच्या पत्रकावर सब-पोस्टमास्तरला सही करावी लागे. सही नाही तर हिशेब पूर्ण नाही. 2004 पर्यंत निदान वादातली रक्कम परवानगीने सस्पेन्स खात्यात, म्हणजे कारण सापडेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, ठेवता येत होती. 2005 पासून महिन्याचे पत्रक आले आणि वादासाठीची ही सोय काढून टाकली गेली. त्यानंतर पडद्यावर उरले ते एवढेच : रोख किंवा चेकने भरा, नाहीतर ‘मध्यवर्ती खात्यात घ्या’, म्हणजे ती रक्कम तुमच्याकडून पोस्टाचे येणे म्हणून उभी राहील. ‘मला हे मान्य नाही’ असे नोंदवायला पडद्यावर जागाच नव्हती. त्यासाठी पुन्हा फोन.

सस्पेन्स खाते हे लहान धंद्यातले फार मोलाचे साधन आहे. पुष्कळ हिशेबनीस त्याच्याकडे कचराकुंडीसारखे पाहतात, वर्षअखेरीला कसेबसे रिकामे करतात. खरे तर ते एक प्रामाणिक विधान असते : इतकी रक्कम जुळत नाही, कारण अजून सापडलेले नाही, शोध चालू आहे. ही जागा काढली की माणसापुढे दोनच वाटा उरतात. खोटे कबूल करायचे, किंवा खोटे जुळवायचे. पुढच्या काळात कित्येक सब-पोस्टमास्तरांनी घाबरून दुसरी वाट धरली, आणि त्यांच्यावर खोट्या हिशेबाचे फौजदारी खटले चालले.

कॅसलटन यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. त्यांचा दावा दिवाणी होता, आणि तो ठरला सहीवर. पोस्टाचा युक्तिवाद असा : हे साप्ताहिक हिशेब प्रतिवादीने स्वतः सही करून दिले आहेत, तो आमचा प्रतिनिधी आहे, तेव्हा हिशेब चुकीचा असल्याचे त्यानेच दाखवावे. न्यायाधीश रिचर्ड हॅव्हरी यांनी हे मान्य केले. होरायझन सर्व महत्त्वाच्या बाबतींत नीट चालत असली पाहिजे आणि 22,963 पौंड 34 पेन्सची तूट खरी आहे, भासमान नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता या निष्कर्षाची रचना पाहा. हिशेब यंत्राने तयार केला. यंत्राच्या पोटातल्या नोंदी पोस्टाकडे आणि फुजित्सूकडे. सही दुकानदाराची. आणि यंत्र चुकले हे सिद्ध करण्याचा भार त्या नोंदी ज्याच्याकडे नाहीत त्या दुकानदारावर. कागदी पत्रकाच्या काळात सहीचा अर्थ होता ‘हे मी मांडले’. होरायझनच्या काळात तो उरला ‘हे मला दाखवले गेले’. सहीचे कायदेशीर वजन मात्र जुनेच राहिले. माझ्या मते प्रकरणाचे मर्म इथे आहे. संगणकात दोष असणे ही काही अनोखी गोष्ट नाही. पण हिशेब मांडण्याचे काम एकाने करायचे आणि त्याची जबाबदारी दुसऱ्याने घ्यायची, अशी विभागणी केली की दोष सापडण्याचा रस्ताच बंद होतो.

12 वर्षांनी हे चित्र पालटले. माजी सब-पोस्टमास्तर अॅलन बेट्स आणि इतर मिळून 555 जणांनी लावलेल्या दाव्यात न्या. फ्रेझर यांनी 2019 मध्ये दोन मोठे निकाल दिले. मार्चच्या निकालात पोस्ट आणि सब-पोस्टमास्तर यांच्यातल्या कराराचा अर्थ लावताना त्यांनी पोस्टाची भूमिका बहुतांशी फेटाळली. डिसेंबरच्या निकालात त्यांनी म्हटले की जुनी (2010 पूर्वीची) होरायझन भरवशाची नव्हती आणि तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात तुटी आल्या होत्या.

वरच्या मजल्यावरची माहिती

हे प्रकरण शिकवताना एक बाजू नेहमी राहून जाते. माहितीचा अभाव फक्त दुकानदाराकडे होता असे नाही. पोस्टाच्या व्यवस्थापनाकडे माहिती होती, पण तिची बेरीज कोणी केली नाही. मदत केंद्राकडे फोनच्या नोंदी होत्या. फुजित्सूकडे ज्ञात दोषांची स्वतंत्र नोंदवही होती. तपासणी पथकांकडे शाखावार तुटी होत्या. वसुली विभागाकडे भरलेल्या रकमा होत्या. चार दप्तरे, चार विभाग. ‘कोणत्या शाखांत तुटी अचानक वाढल्या, आणि त्या शाखांनी आधी तक्रार केली होती का’ हा साधा प्रश्न चारही दप्तरे एकत्र ठेवून विचारला असता, तर ब्रिडलिंग्टनचे नाव वर आले असते. त्याऐवजी फोन करणाऱ्या कित्येकांना सांगितले गेले की अशी अडचण फक्त तुमचीच आहे.

सर विन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखालच्या सार्वजनिक चौकशीत पुढे आले की कॅसलटन यांच्याकडून इतका खर्च वसूल होणार नाही याची पोस्टाला कल्पना होती. इतर सब-पोस्टमास्तरांनी होरायझनला आव्हान देऊ नये, हा संदेश जावा म्हणून दावा लढला गेला. व्यवस्थापनाने हिशेबाची माहिती शिकण्यासाठी वापरायची की धाक बसवण्यासाठी, याची निवड तिथे झाली होती.

आपल्या दुकानापर्यंत

आपल्याकडे या प्रकरणाशी जुळणारी स्थिती शोधायला लांब जावे लागत नाही. मोठ्या कंपनीचा वितरक कंपनीनेच दिलेल्या सॉफ्टवेअरवर बिले करतो. गावातला बँक मित्र बँकेच्या यंत्रावर पैसे देतो-घेतो. रेशन दुकानदाराचा साठा ई-पॉस यंत्र ठरवते. या तिघांच्या बाबतीत हिशेब ठेवणारी यंत्रणा समोरच्या मोठ्या पक्षाची, आणि माल किंवा रोकड कमी निघाली तर उत्तर द्यायचे दुकानदाराने.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग तारखेसह राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. तो कंपन्यांना लागू आहे. एकट्या मालकीच्या दुकानाला नाही. त्यामुळे छोट्या मालकाने आपली व्यवस्था आपणच करायची. मी ज्यांना सांगतो त्यांना इतकेच सांगतो की कंपनीच्या प्रणालीच्या बाहेर आपली एक वही ठेवा. तीत सगळे व्यवहार उतरवायची गरज नाही. रोजची सुरुवातीची शिल्लक, मोठ्या रकमेच्या आवक-जावकेचा पावती क्रमांक आणि दिवसअखेरची प्रत्यक्ष मोजणी, एवढे पुरे. फरक आला तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर नको, आणि सही करताना ‘फरक मान्य नाही’ असे लिहून तारीख घाला. फरकाची रक्कम खिशातून भरायची वेळ आलीच, तर ती आपल्या वहीत खर्च म्हणून टाकू नका. समोरच्या पक्षाकडून येणे म्हणून दाखवा. ब्रिडलिंग्टनमध्ये पहिले हजार पौंड भरले गेले तेव्हा ते ‘येणे’ म्हणून कुठेच उभे राहिले नाहीत. एकदा भरले की तूट कबूल झाली असेच धरले गेले.

2024 च्या मे महिन्यात ब्रिटनच्या संसदेने कायदा करून होरायझनच्या आधारे झालेल्या फौजदारी शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. त्या कायद्याचा विषय फौजदारी शिक्षा एवढाच होता. 2007 चा दिवाणी निकाल त्याच्या कक्षेत येत नव्हता. 2025 च्या नववर्ष सन्मानात कॅसलटन यांना ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

हिशेबाच्या बाजूने एक नोंद अजून उघडी आहे. तूट खोटी होती, पण ती भरायला शेकडो सब-पोस्टमास्तरांनी आणलेले पैसे खरे होते : घर गहाण टाकून काढलेले, आई-वडिलांच्या बचतीतले. दुनोंदी पद्धतीत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या पद्धतीत) खोट्या तुटीपोटी खरी रोकड आली की समोर कुठेतरी तेवढाच जास्तीचा आकडा जमा झालाच पाहिजे. ही रक्कम पोस्टाच्या सस्पेन्स खात्यांत पडून राहिली, की वर्षानुवर्षे नफ्यात मिसळली गेली, हा प्रश्न स्वतंत्र तपासनिसांनी आणि खासदारांनी वारंवार विचारला. जानेवारी 2024 मध्ये संसदीय समितीने तो पोस्टाच्या तत्कालीन प्रमुखांना विचारला, तेव्हा त्यांच्याकडे ठोस आकडा नव्हता. दर आठवड्याला पेन्सपर्यंत हिशेब मागणाऱ्या संस्थेला आपल्या वहीतली ही एक जमा बाजू दाखवता आली नाही.